वाघाडचे पाणी ओझरच्या टेलपर्यंत : आवर्तनांचा हिशोब कसा मांडावा?

पावसाळा सरत आला की वर्तमानपत्रात धरणांचे साठे छापून येऊ लागतात. वाघाड शंभर टक्के, करंजवण भरले, ओझरखेड ओसंडले, अशा बातम्या वाचून गहू किती पेरावयाचा, कांदा किती लावावयाचा याचे बेत आपण बांधू लागतो. धरण भरले म्हणजे पाणी मिळणारच, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात धरण काठोकाठ भरलेल्या वर्षीही गहू दाणे भरण्याच्या अवस्थेत असताना पाटाला पाणी आले नाही, किंवा एप्रिल छाटणी झाली आणि बागेच्या विहिरीने तळ गाठला, असा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल.

याचे कारण असे की धरणातले पाणी आणि आपल्या चारीच्या तोंडाशी येणारे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोहोंच्या मध्ये बाष्पीभवन आहे, पिण्याच्या पाण्याचे आरक्षण आहे, लांबलचक कालवा आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाणी कोणत्या तारखेला सोडावयाचे याचा निर्णय आहे. हा हिशोब पाटबंधारे खात्यातील साहेबांनी करावयाचा, आपण फक्त पाण्याची वाट पाहावयाची, अशी रीत वर्षानुवर्षे चालत आली. वास्तविक हा हिशोब बेरीज-वजाबाकी आणि गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणालाही करता येतो. तो कसा करावा हे या लेखात ओझरच्या उदाहरणावरून पाहू.

ओझरला काय घडले?

ओझर म्हटले की बाहेरच्या माणसाला विमानांचा कारखाना आठवतो, नाहीतर अष्टविनायकांतला विघ्नहर आठवतो. तो गणपती जुन्नर तालुक्यातल्या ओझरचा. आपण बोलत आहोत ते निफाड तालुक्यातले, बाणगंगेकाठचे ओझर. या गावाला कालव्याचे पाणी येते ते दिंडोरी तालुक्यात कोलवण नदीवर बांधलेल्या वाघाड धरणाचे. धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झाले. त्याचा उजवा कालवा सुमारे ४५ किलोमीटर लांबीचा आहे आणि ओझरचे क्षेत्र या कालव्याच्या शेवटी, म्हणजे टेलला येते.

टेलच्या शेतकऱ्याचे दुखणे सांगावयास नको. नकाशावर क्षेत्र भिजते, पाणीअर्जाचा नमुना नंबर ७ भरून घेतला जातो, पण वरच्या भागातील दारे बंद होईपर्यंत पाळी संपून जाते. ओझरकरांनी अनेक वर्षे हेच सोसले. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी या प्रश्नात लक्ष घातले. आधी बाणगंगेवरील बंधाऱ्यांचे काम हाती घेतले गेले आणि मग १९९०-९१ च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन सहकारी पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाटबंधारे खात्याशी त्यांनी करार केला. त्या कराराचा गाभा असा की, खात्याने संस्थेला चारीच्या तोंडाशी ठरलेले पाणी घनमापाने मोजून द्यावयाचे आणि पुढे ते सभासदांत कसे वाटावयाचे, त्यावर कोणते पीक घ्यावयाचे हे संस्थेने ठरवावयाचे.

ही गोष्ट वाचताना साधी वाटते. पण तिने एक मोठा बदल केला. पूर्वी शेतकऱ्याचा हक्क हेक्टरांत आणि पिकांत मोजला जाई. अमुक पिकाला इतके हेक्टर मंजूर. पाणी किती, हे कागदावर कोठेच नव्हते. जे मोजले जात नाही ते मागताही येत नाही. मोजून पाणी मिळू लागल्यावर संस्थेला 'आमचे इतके दलघफू बाकी आहे' असे म्हणता येऊ लागले. पुढे वाघाड प्रकल्पावर एकूण २४ पाणी वापर संस्था झाल्या आणि त्या सर्वांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्थाही स्थापन झाली. महाराष्ट्र शासनाने २००५ साली सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा जो कायदा केला, त्यामागे ओझरसारख्या ठिकाणचा हा अनुभव होता. त्या कायद्यात संस्थेच्या संचालक मंडळावर शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांना सारखे प्रतिनिधित्व ठेवलेले आहे, ते उगाच नव्हे.

प्रथम मापे समजून घ्या

हिशोब करावयाचा तर दोन-तीन मापे तोंडपाठ असावीत. धरणाचा साठा दशलक्ष घनफुटांत (दलघफू) सांगतात. एक हजार दलघफू म्हणजे एक टीएमसी. कालव्याचा प्रवाह क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक दलघफू पाणी सुमारे २८.३ हेक्टर क्षेत्रावर १० सेंटिमीटर उंचीचे उभे राहील. आणि एक क्युसेकचा प्रवाह एक तास चालला तर सुमारे १०२ घनमीटर पाणी येते, म्हणजे एका हेक्टरवर जवळजवळ एक सेंटिमीटर. एकरात बोलावयाचे तर एक क्युसेक, एक तास, एक एकर-इंच. एवढे लक्षात ठेवले तर पुढचे सर्व सोपे आहे.

१५ ऑक्टोबरचा ताळेबंद

सिंचनाचे वर्ष १ जुलै ते ३० जून असे धरतात. खरीप १४ ऑक्टोबरपर्यंत, रब्बी १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर आणि उन्हाळी हंगाम १ मार्चपासून. परतीचा पाऊस संपत आला की धरणात येणारे पाणी थांबते, म्हणून १५ ऑक्टोबरचा साठा हीच वर्षाची शिल्लक मानून नियोजन करतात. त्यानंतर कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि आवर्तने ठरतात.

वाघाड धरणाची उपयुक्त साठवण क्षमता २,३०२ दलघफू आहे. धरण पूर्ण भरले असे समजून हिशोब मांडू. पुढील वजावटीचे, गळतीचे आणि क्षेत्राचे आकडे पद्धत कळावी म्हणून उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या प्रकल्पाचे खरे आकडे शाखा कार्यालयातून मागून घ्यावेत.

उपयुक्त साठा : २,३०२ दलघफू
वजा जूनअखेरपर्यंत बाष्पीभवन : ३००
वजा पिण्यासाठी व इतर बिगरसिंचन आरक्षण : २५०
वजा पाऊस लांबल्यास राखीव : १००
सिंचनासाठी धरणावर शिल्लक : १,६५२ दलघफू

हे पाणी धरणाच्या दाराशी आहे, शेतात नाही. मुख्य कालव्यात शेकडा २५ टक्के पाणी मुरते व झिरपते असे धरले तर चाऱ्यांच्या तोंडाशी १,२३९ दलघफू पोहोचते. चारी आणि शेतचारीत आणखी २० टक्के गेले तर शेतात ९९१ दलघफू येते. त्याला २८.३ ने गुणले की सुमारे २८,००० हेक्टर होतात. म्हणजे २८,००० हेक्टरला १० सेंटिमीटरचे एक पाणी. भिजवावयाचे क्षेत्र ७,००० हेक्टर असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला अशी चार पाणी येतात.

धरण काठोकाठ भरले, तरी चार पाणी. हा आकडा ऐकून पुष्कळांना धक्का बसतो, पण तो आधी ऐकलेला बरा.

आता समजा, कालव्याची दुरुस्ती झाली नाही, अस्तरीकरण फुटले, झाडेझुडपे वाढली आणि मुख्य कालव्यातील गळती २५ ऐवजी ४० टक्के झाली. तेच गणित पुन्हा केले तर चारऐवजी सव्वातीन पाणी हाती येतात. धरणात एक थेंबही कमी नसताना पाऊण पाळी जमिनीत गेली. आणि ती कोणाची गेली? वरच्या भागातल्याची नव्हे. गळती सर्वांची असली तरी तूट नेहमी टेलच्या माथी बसते.

दुसरी बाब कमी पावसाच्या वर्षाची. समजा धरण ७० टक्केच भरले, म्हणजे १,६११ दलघफू. पाण्याचा पसारा लहान असल्याने बाष्पीभवन थोडे कमी, २५० धरू. पण पिण्याचे आरक्षण २५० राहणारच आणि राखीवही १०० राहणारच. सिंचनाला उरते १,०११ दलघफू. म्हणजे साठा ३० टक्क्यांनी घटला तर सिंचनाचे पाणी जवळजवळ ३९ टक्क्यांनी घटते. चारऐवजी अडीच पाणीसुद्धा पूर्ण होत नाहीत. 'धरण सत्तर टक्के आहे, तीन पाणी तर मिळतीलच' हा अंदाज येथे फसतो. पिण्याच्या पाण्याला राज्याच्या जलनीतीत पहिला क्रम आहे आणि तो योग्यच आहे. त्यानंतर २००३ च्या जलनीतीत उद्योग व मग शेती असा क्रम होता, तो २०११ मध्ये बदलून शेती दुसऱ्या क्रमांकावर आणली गेली. परंतु क्रम कोणताही असो, तुटीच्या वर्षात कात्री लागते ती शेतीच्याच पाण्याला, हे ध्यानात घेऊनच पेरणीचे क्षेत्र ठरवावे.

या बाबतीत आपल्याच जिल्ह्यातील जुने लोक शहाणे होते. बागलाणात मोसम, आरम आणि पलीकडे खानदेशात पांझरा नदीवर फड पद्धत चालत आली आहे. बंधाऱ्यात पाणी कमी दिसले की त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवीत, पण ठेवलेल्या फडाला पुरे पाणी देत. सगळेच पेरून सगळेच अर्धे भिजवावयाचे, हा प्रकार त्यांनी केला नाही.

पाळी केव्हा सोडावी?

किती पाणी मिळणार हे कळले की ते केव्हा घ्यावयाचे हा प्रश्न येतो, आणि खरा वाद येथेच होतो. गहू-हरभऱ्यावाला म्हणतो, रब्बीत चारही पाळ्या सोडा. द्राक्षबागायतदार म्हणतो, मला एप्रिल-मेमध्ये पाणी हवे. खरड छाटणीनंतर काडी तयार झाली नाही तर पुढच्या वर्षी घड कोठून येणार? दोघांचेही म्हणणे रास्त आहे. पाणी मात्र चारच पाळ्यांचे आहे.

हा वाद आवाज चढवून मिटत नाही, पिकाच्या अवस्था समोर ठेवून मिटतो. गव्हाला पाण्याच्या दृष्टीने नाजूक अवस्था अशा : मुकुटमुळे फुटण्याची (पेरणीनंतर १८ ते २१ दिवस), कांडी धरण्याची (४० ते ४२ दिवस), फुलोऱ्याची (६० ते ६५ दिवस) आणि दाणे भरण्याची (८० ते ८५ दिवस). महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस अशी की, एकच पाणी देणे शक्य असेल तर ते ४० ते ४२ दिवसांनी द्यावे. दोन असतील तर २० ते २२ आणि ६० ते ६५ दिवसांनी. तीन असतील तर २० ते २२, ४० ते ४२ आणि ६० ते ६५ दिवसांनी द्यावीत.

यातील अंतर पाहा. साधारण २१ दिवसांचे आहे. म्हणजे संपूर्ण लाभक्षेत्राने गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरला आणि पाळीही २१ दिवसांच्या अंतराने सुटली, तर पाट आणि पीक यांचे वेळापत्रक एकच होते. ७ नोव्हेंबरची पेरणी धरली तर २८ नोव्हेंबर, १९ डिसेंबर आणि ९ जानेवारी या तीन तारखा येतात. पाळी दहा दिवस पुढे गेली तर पाणी तेवढेच खर्च होते, पण पहिल्या नाजूक अवस्थेचा लाभ निघून जातो. म्हणून सभेत 'किती आवर्तने' एवढेच विचारून थांबू नये. प्रत्येक आवर्तनाची तारीख लिहून घ्यावी आणि त्या तारखेवरून आपली पेरणी ठरवावी. आपण पेरून मोकळे होतो आणि मग पाळी मागतो; क्रम उलटा आहे.

ज्यांना एक-दोनच पाण्याची खात्री आहे त्यांनी निफाडच्या कृषी संशोधन केंद्रातून प्रसारित झालेल्या नेत्रावती (एनआयएडब्ल्यू १४१५) सारख्या मर्यादित पाण्यावर येणाऱ्या वाणाचा विचार करावा, किंवा हरभरा घ्यावा. हरभऱ्याला दोन पाणी वेळेवर मिळाली तरी पीक चांगले येते. कांद्याचे मात्र वेगळे. त्याची मुळे उथळ. त्याला थोडे-थोडे पाणी आठ-दहा दिवसांनी लागते. एकवीस दिवसांच्या पाळीवर एकट्या पाटाच्या भरवशाने कांदा लावू नये. विहिरीची जोड असेल तरच लावावा.

आणखी एक गोष्ट. वर आपण १० सेंटिमीटरचे एक पाणी धरले. सपाटीकरण नीट असेल आणि सारे बेताच्या रुंदी-लांबीचे असतील तर गव्हाला साडेसात सेंटिमीटरमध्ये भागते. त्याच ९९१ दलघफू पाण्यात मग चारऐवजी सव्वापाच पाणी होतात. कालव्याच्या दुरुस्तीसाठी शासनाकडे जावे लागते, साऱ्यासाठी नाही.

कोरडा कालवा आणि रात्रीचे पाणी

पाळी सुटल्यापासून टेलला पाणी पोहोचेपर्यंत किती वेळ लागतो, याचा अंदाज अनेकांना नसतो. कालव्यात पाणी सेकंदाला अर्धा ते पाऊण मीटर वेगाने चालते असे धरले, तर ४५ किलोमीटरला १७ ते २५ तास लागतात. हे ओल्या कालव्याचे झाले. पहिल्या पाळीत कालवा कोरडा असतो, तो आधी स्वतः पाणी पितो, आणि मग पाणी पुढे सरकते. म्हणून दर पाळीला काही पाणी नुसता कालवा भिजवण्यात जाते. लहान-लहान पाच पाळ्यांऐवजी भरवशाच्या चार पाळ्या पूर्ण प्रवाहाने चालवल्या तर हा खर्च एकदा वाचतो. कमी प्रवाहाने कालवा चालवणे हे तर टेलच्या मुळावर येते, कारण गळती जवळपास तेवढीच राहते आणि पुढे सरकणारे पाणी उरतच नाही.

वाटप टेलकडून वरच्या बाजूला करावे, म्हणजे शेवटच्या चारीला आधी आणि धरणाजवळच्या चारीला शेवटी. यामुळे वरच्या शेतकऱ्याचे नुकसान होत नाही, कारण त्याचे पाणी त्याच्या दारावरूनच वाहत असते आणि शेवटी त्याला मिळणारच असते. टेलवाल्याला मात्र शेवटी मिळणारे पाणी हे बहुधा न मिळणारे पाणी असते.

रात्रीच्या पाण्याबद्दल स्पष्ट बोलावे लागेल. कालवा चोवीस तास चालतो, म्हणजे पाळीचे अर्धे पाणी रात्री येते. थंडीत दारे धरावयास कोणी उठत नाही, बारे मोडून ठेवून माणूस घरी जातो आणि सकाळी पाणी नाल्यात सापडते. तेच पाणी खाली कोणाच्या तरी वाट्याचे होते. संस्थेने रात्रीच्या पाळीसाठी पाटकरी नेमावा, त्याचा पगार सर्वांनी मिळून द्यावा. ज्याला रात्रीचे पाणी आले त्याला पुढच्या पाळीत दिवसाचे द्यावे. एवढा बदल केला तरी भांडणे पुष्कळ कमी होतात.

संस्थेचा तासांचा हिशोब

आता आपल्या चारीपुरते पाहू. समजा संस्थेचे क्षेत्र ३०० हेक्टर आहे आणि एका पाळीचा कोटा चारीच्या तोंडाशी १० दलघफू आहे. चारीतून १० क्युसेक प्रवाह चालतो. १० क्युसेक प्रवाह २४ तास चालला की ०.८६४ दलघफू होतात. म्हणजे १० दलघफू यायला सुमारे साडेअकरा दिवस, नेमके सांगावयाचे तर २७८ तास लागतात. हे पाणी एक-एक क्युसेकच्या दहा दारांतून वाटले तर दर हेक्टरी सव्वानऊ तास आणि दर एकरी पावणेचार तास येतात. चारीतील १५ टक्के गळती जाता शेतात सुमारे ८ सेंटिमीटर पाणी पडते.

हा एकरी पावणेचार तासांचा आकडा सूचनाफलकावर लिहावा. नाव, गट नंबर, क्षेत्र, दार कोणत्या वाराला किती वाजता उघडणार आणि किती वाजता बंद होणार, असा तक्ता पाळी सुटण्याच्या आठ दिवस आधी लागला पाहिजे. ज्याचे दोन एकर त्याला साडेसात तास, ज्याचे दहा एकर त्याला साडेसदतीस. घड्याळ कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही.

चारीच्या तोंडाशी फ्ल्यूम बसवलेला असतो. त्याच्या शेजारच्या पट्टीवर पाण्याची उंची वाचावयाची आणि तक्त्यात पाहून प्रवाह काढावयाचा. ही नोंद दिवसातून किमान तीन वेळा, खात्याचा माणूस आणि संस्थेचा माणूस दोघांनी मिळून करावी आणि वहीत दोघांच्या सह्या असाव्यात. फ्ल्यूमच्या खालच्या बाजूला गाळ साचून पाणी तुंबले असेल तर उंची जास्त दिसते, प्रवाह मात्र कमी असतो, आणि संस्थेच्या खात्यात न मिळालेले पाणी खर्ची पडते. तेव्हा पट्टी वाचण्याआधी खालचा भाग पाहून घ्यावा.

बंधारे आणि विहिरी

ओझरच्या संस्थांचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्यांनी कालवा आणि विहीर यांचा एकत्र विचार केला. कालव्याचे पाणी बाणगंगेवरील बंधाऱ्यांत सोडले, ते जमिनीत मुरले आणि आजूबाजूच्या विहिरींना उतरले. विहिरीवर ठिबक, ठिबकावर द्राक्ष. उन्हाळ्यात ज्या बागेला रोज थोडे पाणी लागते तिला एकवीस दिवसांनी येणारा पाट उपयोगाचा नाही. तिला जमिनीखालची साठवण उपयोगाची. पावसाळ्यात धरण ओसंडू लागल्यावरचे जादा पाणी कालव्यातून बंधाऱ्यांत घेणे तर सर्वांत स्वस्त, कारण ते कोणाच्याही कोट्यातून जात नाही.

मात्र येथे एक न्यायाचा प्रश्न आहे. बंधारा भरला की फायदा विहीरवाल्याचा होतो, आणि ज्याला विहीर नाही त्याच्या कोट्याचे पाणी त्यासाठी वापरले गेलेले असते. ओझरच्या संस्थांनी लाभक्षेत्रातील विहिरीच्या पाण्यावर भिजणाऱ्या क्षेत्रालाही पाणीपट्टी लावली, हे म्हणून योग्य झाले. अलीकडे प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी सर्वत्र झाली आहेत. पाळीच्या पाण्याने शेततळे भरावयाचे असेल तर तेही त्या शेतकऱ्याच्या तासांतच भरले पाहिजे. आठ-दहा शेततळी कोट्याबाहेर भरली की टेलची एक-दोन दारे कोरडी राहिलीच म्हणून समजावे.

रब्बीत वाचवलेले पाणी उन्हाळ्यात वापरावयाचे असेल तर करारात व नियमात तशी मुभा आहे का, आणि त्यातून बाष्पीभवनाची वजावट किती होते, हे आधी लेखी विचारून घ्यावे. द्राक्षवाला आणि गहूवाला यांचा वाद मिटवण्याचा हा चांगला मार्ग आहे : ज्याला उन्हाळी पाणी हवे त्याने रब्बीतील आपले तास सोडावेत, आणि ज्याला रब्बीत जास्त हवे त्याने उन्हाळ्यातील सोडावेत. वहीत तशी अदलाबदल लिहून ठेवावी.

आपल्या धरणाच्या पलीकडे

वाघाड एकटे नाही. करंजवण, वाघाड, पुणेगाव, ओझरखेड, तिसगाव आणि पालखेड ही सहा धरणे मिळून पालखेड धरण समूह होतो. पालखेडच्या कालव्यावर निफाड, येवला तालुक्यांचे सिंचन आणि येवला शहराचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे. त्याखाली गोदावरीवर पैठणचे जायकवाडी. वरच्या धरणांत किती ठेवावयाचे आणि खाली किती सोडावयाचे, हा प्रश्न तुटीच्या प्रत्येक वर्षी उभा राहतो.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी याबाबत आदेश दिला. त्याचा मथितार्थ असा की, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा, खरिपात वापरलेले पाणी धरून, ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरण समूहांनी आपल्या साठ्याच्या प्रमाणात खाली पाणी सोडावयाचे. जायकवाडीची उपयुक्त क्षमता सुमारे ७६.६५ टीएमसी, म्हणजे ही रेषा सुमारे ५० टीएमसीवर येते. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले. २०१८ च्या आदेशात एकूण ८.९९ टीएमसी सोडावयाचे ठरले, त्यात पालखेड समूहाचा वाटा ०.६० टीएमसी होता. २०२३ मध्ये ८.६०३ टीएमसीचा आदेश झाला. त्या वेळी वाटा मुळा, प्रवरा, गंगापूर आणि दारणा समूहांवर आला.

०.६० टीएमसी म्हणजे ६०० दलघफू. वरच्या आपल्या ताळेबंदात एका पाळीला धरणावर सुमारे ४१३ दलघफू लागतात. सहा धरणांत विभागले तरी हे पाणी कोणाच्या तरी दीड पाळीएवढे आहे. नाशिककरांचा राग त्यामुळे समजण्यासारखा आहे. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागेल. वाघाडच्या कालव्यावर टेलला असलेला ओझरकर वरच्या शेतकऱ्याला जे सांगत होता, तेच पैठणच्या खालचा शेतकरी नाशिककराला सांगतो आहे. तो गोदावरीच्या टेलला आहे.

वाद घालावयाचा असेल तर तो तारखेवर घालावा. २०२३ मध्ये आदेश ऑक्टोबरअखेर निघाला आणि पाणी प्रत्यक्षात नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुटले. नदीचे पात्र जसजसे कोरडे होते तसतसे वाटेत मुरणारे पाणी वाढते. तेच पाणी पावसाळा संपतासंपता, पात्र ओले असताना आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या बसवण्याआधी सोडले तर कमी पाण्यात तेवढेच काम होते. उशिराने सोडलेल्या पाण्यात वरच्याचेही जाते आणि खालच्यालाही मिळत नाही. आपल्या बाजूनेही तयारी हवी : सप्टेंबरच्या मध्यावर जायकवाडीचा साठा पाहून, आपल्या समूहाला सोडावे लागणार का याचा अंदाज बांधावा, आणि तसा संभव असेल तर रब्बीचे क्षेत्र एक पाळी कमी धरूनच ठरवावे. पेरून झाल्यावर कळले तर नुकसान दुप्पट.

बैठकीला जाण्यापूर्वी

कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला संस्थेचा प्रतिनिधी जातो तेव्हा त्याच्या खिशात एक कागद असावा. १५ ऑक्टोबरचा उपयुक्त साठा, बाष्पीभवनाची व बिगरसिंचन आरक्षणाची वजावट, गेल्या वर्षी धरणातून सोडलेले एकूण पाणी आणि त्यातील सर्व चाऱ्यांच्या तोंडाशी मोजले गेलेले पाणी, असे आकडे त्यावर मांडलेले असावेत. शेवटच्या दोन आकड्यांच्या फरकावरून कालव्याची गळती लगेच निघते. ती मागील वर्षापेक्षा वाढली असेल तर आवर्तनाच्या आधी दुरुस्तीची मागणी करावी, नंतर नाही. आवर्तनांच्या तारखा, प्रत्येक पाळीतील कालव्याचा प्रवाह आणि टेलला पाणी पोहोचण्याचा दिवस बैठकीच्या वृत्तांतात लिहून घ्यावा.

परत आल्यावर आठ दिवसांत सर्वसाधारण सभा घ्यावी आणि एकरी किती तास बसतात ते जाहीर करावे. बियाणे खरेदी त्यानंतर करावी. चारीतील गाळ व गवत काढण्याचे काम दिवाळीनंतर ठेवू नये. पहिली पाळी बहुधा त्याच सुमारास सुटते आणि तुंबलेल्या चारीतील पहिले दोन दिवसांचे पाणी कोणाच्याच हिशोबात येत नाही.